चारला सोडलेलं पाणी

“पी की! एक घोट पिऊन दाखव, मग बापाची बाजू घे!”

शेवंताकाकूनं बाटली थेट माझ्या नाकाला लावली. आत चहासारखं पिवळं पाणी, तळाला काळा गाळ, आणि वास असा की पोटातलं वर यावं. माझ्या खांद्यावर वीस लिटरचा जार होता, दोन्ही हात अडकलेले. नाहीतर ती बाटली तिथंच भिरकावली असती.

“मी कुठं बाजू घेतली? सरक आधी, जार पडंल.”

“पडू दे! बाप गटार पाजतोय आणि पोरगं जार वाटतंय. चांगला धंदा काढलाय बापलेकांनी.”

“काकू, तोंड सांभाळ.”

“का सांभाळू? माझा नातू सलाईनवर हाय. चार वर्षांचं पोर, डोळे खोल गेलेत त्याचे. तुझ्या बापाला जाऊन सांग, तोंड सांभाळ म्हणून!”

मागून दोन-तीन बायका ओरडल्या, “खरं हाय, खरं हाय.” मी जार दाणकन ओट्यावर ठेवला.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, संध्याकाळचे पाच. मी सोळाचा होतो. आमची खालची आळी म्हणजे गावाच्या उतारावरची साठ घरं. त्या आठवड्यात आळीतली नऊ पोरं उलट्या-जुलाबानं आडवी झाली होती. गावाला पाणी नगरपंचायतीचं, आणि ते सोडायचं काम माझ्या वडिलांचं, जालिंदर कुंभारांचं. सगळा गाव त्यांना जालूतात्या म्हणायचा, मीही तात्याच म्हणायचो. पुरुषभर उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा. ती सायकलच्या दांडीला बांधून तात्या गावभर फिरायचे. चौकात चेंबरचं झाकण उघडायचं, चावी आत घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. की त्या भागाला पाणी. सव्वीस वर्षं हेच. खालच्या आळीला रोज चारला पाणी सोडायचं आणि साडेपाचला बंद करायचं. सोडलं की तात्या स्वतः आळीच्या शेवटच्या नळावर जायचे, ओंजळभर प्यायचे, आणि मगच सायकल घराकडं वळवायचे.

मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे मास्तरनं डस्टर फेकून मारलं, मी तेच उचलून परत मारलं. मग काय, दाखलाच हातात. सहा महिने बोंबलत हिंडलो आणि रणधीरभाऊच्या ‘शुभ्रधारा’त लागलो. हा पाण्याचा प्लांट आमच्या आळीच्या वरच्या अंगाला. तिथं जार भरायचे आणि छोट्या बाटल्याही, लग्नात प्रत्येक खुर्चीवर ठेवतात तसल्या. दोन घोट प्यायचे आणि खुर्चीखाली टाकायच्या.

मी कामाला लागलो त्या दिवसापासून घरात युद्ध.

“पाणी विकायला लागलास?” तात्या म्हणाले होते.

“तुम्ही तरी काय करता? सोडताच की.”

“सोडणं आणि विकणं एक व्हय रे?”

एकदा मी मुद्दाम घरी जार आणला. तात्यांनी झाकणावरची तारीख बघितली आणि आईला म्हणाले, “अगं, तू कालचं हंड्यातलं पाणी शिळं म्हणून रोज ओतून देतीस. हे नऊ दिवसांचं शिळं हाय. ह्याला काय म्हणायचं?” आई हसली. मला असला राग आला की तोंड धुऊन नळ बंद करताना वायसर चेपला. आई ओरडली, “नळ आवळतोस का कुणाची मान? महिन्यात तिसरा वायसर हा!” ती माझी खोडच होती. बाटलीचं झाकण असो, सायकलची नटं असोत, माझ्या हातानं बसलं की दुसऱ्याला निघायचं नाही.

तर त्या दिवशी. आळीत बोंब झाली तसा रणधीरभाऊनं मला हाक मारली, “अवध्या, टेंपोत चाळीस जार टाक. आपल्या माणसांच्या अडचणीत आपण नाही जायचं तर कुणी?” आणि आम्ही खाली आलो. भाऊ टेंपोच्या हौद्यात उभा राहून एका हातानं फोनवर फोटो काढत होता आणि दुसऱ्या हातानं लोकांना रांगेत लावत होता.

“घरटी एक जार! फुकट हाय, ढकलाढकली नको. काकू, तुम्ही पुढं या. बाटली दाखवा जरा हिकडं. हां, अशी वर धरा.”

आणि काकूनं खरंच बाटली वर धरली. फोटोत पिवळं पाणी पुढं, मागं भाऊचा पांढरा जार. ती बाटलीही ‘शुभ्रधारा’चीच होती, रिकामी झाल्यावर ठेवलेली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

मला दुसरंही दिसत होतं. आळीच्या कडेचं गटार तुडुंब भरलेलं. त्यात याच छोट्या बाटल्या, शेकड्यांनी, एकमेकींत अडकलेल्या. मागच्या आठवड्यात आळीत दोन लग्नं झाली होती. गटाराचं पाणी पुढं जायला वाटच नव्हती. ते नळाच्या पाइपावर चढून उभं होतं, आणि पाइपाच्या जोडावर माशा घोंघावत होत्या.

“आला! आला बघा पाणीवाला!”

तात्या सायकल हातात धरून येत होते. आळीनं त्यांना झोपेतून उठवून आणलेलं, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. त्यांच्या मागं मोटारसायकलवर पाणीपुरवठ्याचे घोरपडे साहेब.

“साहेब, ह्या माणसाला आज घरी बसवा,” एकजण ओरडला. “नाहीतर आम्ही उद्या नगरपंचायतीला कुलूप लावतो!”

“थांबा, बघू तर द्या,” साहेब म्हणाले. “कुंभार, चूक तुमची निघाली तर मी वाचवायचा नाही. इथंच कागद करणार, सगळ्यांसमोर.”

“करा,” तात्या म्हणाले. “सव्वीस वर्षांत आळीला असं पाणी पाजलं न्हाय मी. आजही चारला सोडलं तेव्हा शेवटच्या नळावर स्वतः प्यालोय.”

“प्यायला असशील!” काकू म्हणाली. “चारला चांगलंच आलं होतं. पंधरा मिनिटं आलं आणि गेलं. रोज असंच चाललंय आठ दिवस. मग मोटार लावली तर हे आलं.”

“मोटार नळाला डायरेक्ट लावता?” साहेबांनी विचारलं.

“सगळीच लावतात! पाणीच येत न्हाय तर काय करायचं? थुंकीनं भांडी घासायची?”

“पाइपात पाणी नसताना मोटार चालली की ती गटार ओढणार,” साहेब म्हणाले. “पण पाणी गेलं का? कुंभार, व्हॉल्व्ह बंद करा आधी. मग पाइप उघडू.”

तात्यांनी चेंबरचं झाकण सरकवलं, चावी आत घातली, दांड्याला दोन्ही हात लावले आणि बंद करायच्या बाजूला जोर दिला.

चावी हललीच नाही.

परत जोर दिला. नाही. त्यांनी वाकून आत बघितलं.

“साहेब, हा बंद हाय.”

“म्हणजे तुम्ही उघडलाच नव्हता.”

“उघडला होता की!” काकू मधेच म्हणाली, मग आपण कुणाच्या बाजूनं बोललो ते ध्यानात येऊन मागं सरकली.

“मग बंद कुणी केला? चाव्या किती आहेत?”

“एकच.”

“ती कुठं असते?”

“माझ्या सायकलीला.”

“मग भूत येऊन फिरवून गेलं का?” लोक हसले. तसलं हसणं मी शाळेत ऐकलेलं होतं.

रणधीरभाऊ टेंपोतून खाली उतरला. चेहरा एकदम दुःखी. “तात्या, मी बोलू नये, पण बोलतो. आळीचं पाणी रोज पंधरा मिनिटांत बंद करून तुम्ही ते कुठं फिरवत होता? कुणाच्या शेताला? पोरं आजारी पडली ओ.”

एकदम गलका झाला. “शेताला! शेताला पाणी इकलं!” मागून कुणीतरी चप्पल भिरकावली. ती तात्यांच्या पाठीवर बसली. तात्यांनी मागं बघितलंसुद्धा नाही. ते व्हॉल्व्ह उघडायच्या मागं होते. पाय चेंबरच्या काठाला रोवला, दांड्यावर सगळं अंग टाकलं, मानेच्या शिरा फुगल्या. चौथ्या झटक्याला कर्र आवाज झाला आणि आटा सुटला.

“एवढा आवळून कोण...” तात्या बोलता बोलता थांबले.

दांडा हातात धरून तसेच उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही. चावीकडंच बघत होते. पण मला कळलं. तात्या व्हॉल्व्ह कधी गच्च आवळत नसत. शेवटी पाव आटा मागं सोडायचे, नाहीतर आतलं रबर चेपतं म्हणून. सव्वीस वर्षांत त्या व्हॉल्व्हला असं आवळणारा हात लागला नव्हता, आणि तसा हात आमच्या घरात एकच होता.

तरी मी बोललो नाही. हे खरं ते सांगतो. मी टेंपोला टेकून उभा राहिलो.

“बोला, कुंभार,” साहेब म्हणाले. “शेवटचं विचारतो. कुणी बंद केला?”

“चावी माझ्याकडंच असती,” तात्या म्हणाले. “दुसऱ्या कुणाकडं न्हाय.”

“म्हणजे तुम्ही.”

तात्या दांड्यावरची माती पुसत राहिले.

“गप्प काय बसतोस?” शेवंताकाकू पुढं आली आणि ती बाटली त्यांच्या छातीवर आपटली. “गावभर सांगत हिंडतोस, जारचं पाणी शिळं, नळाचं पाणी ताजं! मग पी ताजं! माझ्या नातवानं प्यालं, तू पण पी!”

“पी! पी!” आळी ओरडायला लागली. भाऊनं परत फोन वर काढला.

तात्यांनी बाटली घेतली. झाकण उघडलं. कुणी म्हणेल रागानं. रागानं नाही. आपल्या वाटणीचं आलंय आणि ते संपवायचंय, अशा तोंडानं त्यांनी बाटली ओठाला लावली.

मी दोन उड्यांत पोचलो आणि त्यांच्या हातावर असा फटका मारला की बाटली उडून साहेबांच्या मोटारसायकलवर आपटली.

“पिऊ नका! मी बंद केलाय! मी!”

ओरडणारे सगळे माझ्याकडं वळले.

“आठ दिवस मीच करतोय. तुम्ही चहा पिऊन पडता तेव्हा सायकलीला बांधलेली चावी काढतो. सव्वाचारला बंद करतो, साडेपाचला तुम्ही यायच्या जरा आधी परत उघडतो. आज उघडायला येणार होतो, तर ह्यानं टेंपोत बसवून आणलं.” मी भाऊकडं बोट केलं. “ह्याची बोअर फेब्रुवारीत आटलीय. ह्यानं नगरपंचायतीच्या मोठ्या पाइपातून लाइन घेतलीय, ह्या व्हॉल्व्हच्या वरच्या अंगाला. आळीचा व्हॉल्व्ह बंद केला की सगळा जोर ह्याच्या टाकीत. दोन जार भरायला पाच जारांचं पाणी लागतं, तीन जारांचं मशिन गटारात सोडतं. आणि आता तुम्ही रांगेत उभे आहात ना, ते तुमचंच पाणी हाय! तुमच्या नळाचं! चारला सोडलेलं!”

मला वाटलं, आता आभाळ कोसळेल. भाऊला धरतील, टेंपो उलटा करतील.

भाऊ हसला. “बघा. बापासाठी पोरगं कसं तुटतं. माझ्याकडं काम करतो, माझ्या ताटात जेवतो, पण वेळ आल्यावर बाप तो बाप. मला राग नाही ओ.”

“मी खोटं बोलत न्हाय!”

“कशासाठी केलंस रे मग?” घोरपडे साहेबांनी विचारलं. “पैसे दिले?”

“पैसे न्हाय. टेंपो चालवायला देणार होता.”

आता आळी मोकळेपणी हसली. “टेंपोसाठी म्हणं!” “तात्यानं पढवलंय पोराला!” “स्वतः सुटायला पोराला पुढं केलं. लाज न्हाय!” काकू तर थुंकलीच.

साहेब माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “बावीस आटे आहेत ह्या व्हॉल्व्हला. मोठी माणसं दमतात. तू काड्यांसारखे हात घेऊन फिरवलास?”

“इचारा तात्यांना! आवळलेलं बघून त्यांना कळलंय. इचारा!”

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. तात्या माझ्यासमोर आले. आणि अशी कानफटात दिली की मी चेंबरच्या झाकणावर पडलो.

“खोटं बोलतंय,” ते साहेबांना म्हणाले. “शाळा न्हाय, वळण न्हाय. ह्याला ती चावी उचलतसुद्धा न्हाय. माझ्या हातून राहिलं. लिवा.”

“तात्या!”

“लिवा साहेब.”

साहेबांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहायला लागले. निष्काळजीपणा. तो शब्द त्यांनी मोठ्यानं वाचला. तात्यांनी खाली सही केली.

माझ्या कानात शिट्टी वाजत होती. मी उठलो. “चला, पाइप दाखवतो! प्लांटच्या मागच्या भिंतीला, बाभळीखाली हाय. हातभर खणलं की लागतो. चला! दोन मिनिटांचं काम हाय!” आणि पळत सुटलो. चढावर जाऊन मागं वळून बघितलं.

एकही माणूस आला नव्हता. सगळे जारच्या रांगेत होते. शेवंताकाकू दुसरी होती. आपला नंबर जाईल म्हणून कुणी पाय उचलला नाही. भाऊ जार वाटत होता आणि दर जारामागं माझ्याकडं एकदा बघत होता.

मी बाभळीखाली काठीनं खणलं, मग हातांनी. नखं निघाली. हातभर गेल्यावर निळा पाइप दिसला. तो दिसताच मी पळत खाली आलो, साहेबांना गाठायला. साहेब निघून गेले होते. नगरपंचायतीत गेलो, तर दार बंद. परत वर आलो, तर भाऊची दोन माणसं तिथं सिमेंट ओतत होती. त्यातला एक मला म्हणाला, “अवध्या, उद्यापासून येऊ नकोस.” जसा काही मी येणारच होतो.

तात्यांना घंटागाडीवर टाकलं. गावाचा कचरा गोळा करायचा. चावी दुसऱ्याच्या हातात गेली. सव्वीस वर्षं ज्या दारांत पाणी सोडलं, त्याच दारांतून आता ते रिकाम्या बाटल्या उचलतात. काकूचा नातू बरा झाला. आळीनं गटार साफ केलं नाही, जार मात्र लावून घेतले. आता साठातल्या पन्नास घरांत ‘शुभ्रधारा’ येतं, आणि नळाचं पाणी भांड्याला आणि संडासाला. बायका तात्यांची गाडी आली की बाटल्या दारातूनच फेकतात. काही गाडीत पडतात, काही त्यांच्या अंगावर.

त्या दिवसाबद्दल तात्या माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मी विचारलं की उठून जायचे. तीन वर्षं.

मागच्या आठवड्यात नगरपंचायतीतून पत्र आलं. तात्या पुढच्या वर्षी निवृत्त होणार, तर ती जुनी चौकशी संपवायची आहे. नव्या बाई आल्यात अधिकारी म्हणून. कुणाला काही सांगायचं असेल तर आज अकरा वाजता येऊन सांगा. मी काल आईसमोरच म्हणालो, मी जाणार.

“काय सांगणार?” तात्यांनी विचारलं.

“जे तेव्हा सांगितलं तेच. आणि सिमेंट फोडा म्हणून सांगणार. तो निळा पाइप अजून खाली हाय.”

“तेव्हा तू सोळाचा होतास. आता एकोणीसचा हायस. सरळ आत टाकतील. नऊ पोरांची नावं हायत त्या कागदात.”

“टाकू दे.”

“तीन वर्षं तोंड शिवून बसलो ते ह्याच्यासाठी?”

“मी सांगितलं होतं का शिवा म्हणून? सगळ्या गावासमोर खोटारडा केलं मला!”

“मग काय करायला पायजे होतं? पोराला पोलिसांत द्यायचं?”

“हो! द्यायचं होतं! चूक माझी होती, माझी राहू द्यायची होती!”

आई रडायला लागली. तात्या काल जेवले नाहीत, मीही नाही.

आता साडेदहा वाजलेत. तात्या आज घंटागाडीवर गेले नाहीत. दारात उभे आहेत, दोन्ही हात चौकटीला लावून. म्हणतात, जायचं तर मला ढकलून जा. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच झालोय. आई मधे पडायला बघते आहे. चालत गेलं तर नगरपंचायत वीस मिनिटांवर.

मला आता निघायला पाहिजे.